स्टेंट तेवढेच, हार्ट अटॅक कमी

स्कॉटलंडमधल्या १२ हृदयरोग केंद्रांत २०१० ते २०१४ या काळात छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४,१४६ जणांचे दोन सारखे गट पाडण्यात आले. पहिल्या गटाची नेहमीची तपासणी झाली. डॉक्टरांनी दुखण्याची हकिकत विचारली, ईसीजी काढला, बहुतेकांना ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट केली. दुसऱ्या गटाचंही हे सगळं झालं आणि त्यात हृदयाच्या सीटी स्कॅनची भर पडली. पाच वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या गटातल्या ८१ जणांना हार्ट अटॅक येऊन गेला होता किंवा करोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, धमन्यांच्या विकाराने मृत्यू आला होता. सीटी झालेल्या गटात हा आकडा ४८ होता.

सीटी स्कॅन म्हणजे काही औषध नव्हे. नुसतं चित्र काढल्याने कुणाचा अटॅक टळत नाही. मग एवढं अंतर पडलं कसं? सहज सुचणारं उत्तर असं, की सीटीत ब्लॉकेज सापडले, लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आणि माणसं वाचली. एडिंबरा विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड न्यूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासाचे, म्हणजे ‘स्कॉट-हार्ट’चे पाच वर्षांचे निकाल २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले आणि हे सहज सुचणारं उत्तर बाद झालं. पाच वर्षांत सीटीच्या गटातल्या ४९१ जणांची अँजिओग्राफी झाली, पहिल्या गटातल्या ५०२ जणांची. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले एकीकडे २७९, दुसरीकडे २६७. स्टेंट आणि शस्त्रक्रिया जवळपास तेवढ्याच.

बदलल्या होत्या त्या गोळ्या. सीटीच्या गटात अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन अशी प्रतिबंधक औषधं नव्याने सुरू झालेल्यांचं प्रमाण १९.४ टक्के होतं, पहिल्या गटात १४.७ टक्के. अभ्यासाच्या पहिल्या सहा आठवड्यांतच सीटीमुळे चारांतल्या एकाहून अधिक रुग्णांच्या निदानात फेरबदल झाला होता. ज्याचं दुखणं ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून सोडून दिलं असतं त्याच्या धमनीत रोग दिसला, आणि ज्याला हृदयरोगी ठरवलं होतं त्याच्या धमन्या स्वच्छ निघाल्या. औषध ज्याला हवं त्याला मिळालं.

आपल्याकडे हृदयविकाराचं बोलणं ‘किती ब्लॉक निघाले’ आणि ‘किती स्टेंट टाकले’ यांच्यापलीकडे फारसं जात नाही. स्टेंटची किंमत हा तर देशाच्या धोरणाचा विषय झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटच्या किमतीवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण स्टेंटची वेळ येण्याच्या कितीतरी आधी धमनीत काय घडत असतं आणि ते आता बाहेरून दिसू शकतं, ही गोष्ट मात्र अजून फार थोड्या घरांत पोचली आहे.

धमनीचं आतलं चित्र काढण्याची सुरुवात एका अपघाताने झाली. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत एक्स-रेला दिसणारं रंगद्रव्य सोडत होते. नळीचं टोक नकळत उजव्या करोनरी धमनीत शिरलं आणि सगळं द्रव्य तिथेच गेलं. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्स यांनी त्याला जोराने खोकायला लावलं, ठोके परत सुरू झाले, आणि पडद्यावर जिवंत माणसाची करोनरी धमनी स्पष्ट उमटलेली होती. तोवर असं करणं जीवघेणं मानलं जाई. त्या दिवसापासून अँजिओग्राफी हृदयरोगाच्या निदानाचा कणा झाली, आणि आजही मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून होणारी ही तपासणी अनेकांसाठी अटळ आहे.

तिची एक मर्यादा मात्र जन्मजात आहे. रंगद्रव्य वाहतं ते धमनीच्या पोकळीतून, म्हणून चित्र येतं ते पोकळीचं. रोग असतो भिंतीत. शिकागो विद्यापीठाचे डॉ. सेमूर ग्लागोव यांनी १९८७ मध्ये शवविच्छेदनातल्या हृदयांची मोजमापं घेऊन दाखवून दिलं, की भिंतीत चरबीचा थर, डॉक्टर ज्याला प्लाक म्हणतात तो, साठू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. थराने धमनीतली ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही. नळाला धार नीट येते आहे आणि भिंतीत मात्र ओल मुरत चालली आहे, असा हा प्रकार. अँजिओग्राफी धार पाहते. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्टही धारच पाहते. हृदयाला रक्त कमी पडू लागलं तरच ती बिघाड दाखवते.

आणि हार्ट अटॅक पुष्कळदा अरुंद वाटेमुळे येतच नाही. भिंतीतला एखादा मऊ, चरबीने भरलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काल मोकळी असलेली धमनी काही मिनिटांत बंद पडते. ‘मीट द प्रेस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार टिम रसर्ट यांचं उदाहरण हृदयरोगतज्ज्ञ आजही देतात. त्यांना धमन्यांचा विकार आहे हे ठाऊक होतं, औषधं चालू होती, एप्रिल २००८ च्या अखेरीस झालेली स्ट्रेस टेस्ट ठीक आली होती. १३ जूनला ५८ व्या वर्षी कामाच्या ठिकाणीच ते कोसळले. थर फुटून हृदयाची मुख्य पुढची धमनी बंद झाली होती. ज्या तपासणीला भिंत दिसत नाही तिच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न त्या मृत्यूनंतर मोठ्याने विचारला गेला.

भिंत पाहायची तर शरीराचा छेद घेतल्यासारखं चित्र हवं. ते देणारं यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने बनवलं, तेही गाण्यांच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन इथल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू या यंत्राने पाहिला गेला. हाउन्सफील्ड आणि या पद्धतीचं गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या जागचा पदार्थ एक्स-रे किती अडवतो त्याचा आकडा. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड बरंच वर. हे आकडे आजही हाउन्सफील्ड यांच्या नावानेच मोजले जातात.

मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही नाही. शिवाय करोनरी धमन्या बारीक. सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, पुढे दीड-दोन मिलिमीटरपर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या. दर ठोक्याला उसळणारी एवढी बारीक नळी टिपायची तर यंत्र विलक्षण वेगवान हवं. म्हणून मेंदू, पोट, फुप्फुसं यांचे सीटी सर्रास होऊ लागल्यावरही हृदय बराच काळ हाताबाहेरच राहिलं. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रं आली, २००४ मध्ये ६४ छेदांची, आणि तेव्हा कुठे हृदयाचा सीटी रोजच्या वापरात आला. २००७ मध्ये १६ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, म्हणजे अख्खं हृदय, एकाच फेरीत टिपणारं ३२० ओळींचं यंत्र आलं. आजच्या यंत्रातली एक्स-रेची नळी रुग्णाभोवतीची फेरी साधारण पाव ते एक-तृतीयांश सेकंदात पूर्ण करते.

तरीही यंत्राला हृदयाची मदत लागते. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर जवळजवळ निश्चल असतं. नाडी जितकी संथ, तितकी ही फट मोठी. म्हणून तपासणीआधी नाडी साठच्या आसपास आणतात. त्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात; दमा असलेल्यांना ती सोसत नसेल तर बहुधा इव्हाब्रॅडिन. चहा-कॉफी आदल्या काही तासांपासून बंद. काही तास पोट रिकामं.

आत गेल्यावर छातीवर ईसीजीच्या तीन-चार पट्ट्या चिकटतात, शक्यतो उजव्या कोपराच्या खोबणीत जाडसर सुई बसते. जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी ठेवतात किंवा फवारा मारतात, त्याने धमन्या रुंदावतात आणि ठळक दिसतात. डोकं थोडं ठणकतं. व्हायग्रासारखं औषध गेल्या एक-दोन दिवसांत घेतलं असेल तर हे नायट्रोग्लिसरिन चालत नाही, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. इथे संकोच महागात पडतो, विचारलं नाही तरी सांगावं. मग दोन्ही हात डोक्यामागे, टेबल सरकत त्या मोठ्या कड्यात. एकदा रंगीत तालीम होते: ‘श्वास घ्या... रोखून धरा... सोडा.’ त्यानंतर पिचकारीसारखं यंत्र आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेला दिसणारं रंगद्रव्य, सेकंदाला पाचेक मिलिलीटर वेगाने हातात सोडतं. अंगभर एकदम ऊब पसरते, घशात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, होत नाही. कॉन्ट्रास्ट महाधमनीत पोचल्याचं दिसलं की यंत्र स्वतःच स्कॅन सुरू करतं आणि बघता बघता संपवतं. सगळ्या तयारीला तास, चित्राला काही सेकंद.

हृदयाच्या सीटीचा याहून साधा एक प्रकार आहे, ज्यात ना सुई लागते ना कॉन्ट्रास्ट. त्याचं नाव कॅल्शियम स्कोअर. धमनीतल्या जुन्या थरांत कॅल्शियम साठतं आणि ते सीटीत हाडासारखं पांढरं चमकतं. मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. आर्थर अ‍ॅगटस्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये ते मोजायची पद्धत मांडली. १३० हाउन्सफील्डच्या वरचा प्रत्येक डाग घ्यायचा, त्याचं क्षेत्रफळ काढायचं, तो जितका घट्ट तितक्या पटीने, एक ते चार, गुणायचं आणि सगळ्या धमन्यांची बेरीज करायची. शून्य आलं तर पुढच्या काही वर्षांचा धोका फारच कमी. शंभराच्या वर गेलं तर स्टॅटिनचा विचार गांभीर्याने करायचा. चारशेच्या वर म्हणजे रोग चांगलाच मुरलेला.

कॅल्शियम टिकाऊ असतं, इतकं की हजारो वर्षं उरतं. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशियन बेटं इथल्या १३७ ममींचे सीटी काढल्यावर ४७ ममींच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. म्हणजे हा रोग केवळ आजच्या खाण्यापिण्याची देणगी म्हणता येत नाही. पण राहणीचा वाटा किती मोठा असतो हेही सीटीनेच दाखवलं. बोलिव्हियाच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात शेती, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या चिमाने जमातीच्या ७०५ प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा ८५ टक्के लोकांचा कॅल्शियम स्कोअर शून्य होता. ते लोक दिवसाचे कित्येक तास अंगमेहनतीत घालवतात, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी असतं.

भारतीयांची गोष्ट नेमकी उलट्या टोकाची आहे. जगभरच्या ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांतल्यांना ५८.८ व्या. कारणं शोधण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि शिकागोत राहणाऱ्या ९०६ दक्षिण आशियाई स्त्री-पुरुषांचा ‘मसाला’ हा अभ्यास डॉ. अलका कनाया यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या या मंडळींत भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य होते. त्यांच्या कॅल्शियम स्कोअरची तुलना इतर अमेरिकनांशी केली. दक्षिण आशियाई पुरुषांच्या धमन्यांतलं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकं आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी वंशाच्या पुरुषांपेक्षा जास्त निघालं. ज्याचा भाऊ, मुलगी, मावसभाऊ अमेरिकेत आहे अशा इथल्या प्रत्येक घराने ही माहिती दोन्हीकडे लागू आहे असं समजावं.

इथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. कॅल्शियम थरात उशिरा उतरतं. चाळिशीतल्या धूम्रपान करणाऱ्या किंवा मधुमेही माणसाच्या धमनीत मऊ थर असू शकतो आणि स्कोअर मात्र शून्य येतो. छातीत कळ येत असताना ‘स्कोअर शून्य आहे, घरी जा’ असं कुणी म्हटलं तर ते पुरेसं नाही. दुसरं, स्टॅटिन सुरू केल्यावर मऊ थर घट्ट होतात आणि स्कोअर कधी कधी वाढतो. तो वाढलेला पाहून घाबरून गोळी बंद करणारे लोक आहेत. थर घट्ट होणं ही चांगली खूण आहे. गोळी बंद करू नये.

कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटी अँजिओत कॅल्शियमच्या आधीची अवस्थाही दिसते. रिपोर्टच्या शेवटी आता बहुधा ‘कॅड-रॅड्स’ नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे २५ टक्क्यांच्या आतलं अरुंदपण, दोन म्हणजे ५० च्या आतलं, तीन ५० ते ६९, चार ७० ते ९९ टक्के, किंवा डाव्या मुख्य धमनीत ५० टक्क्यांपासून पुढे. पाच म्हणजे धमनी पूर्ण बंद. घरचे लोक हा आकडा पाहतात आणि ‘दोनच आहे’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. स्कॉट-हार्टने दाखवून दिलं ते नेमकं या एक-दोनवाल्यांबद्दल. त्यांना स्टेंटची गरज नसते, पण रोग आहे. गोळी, पथ्य, व्यायाम, सिगारेट सोडणं हे सगळं त्यांच्यासाठीच आहे. स्कॉट-हार्टमधल्या रुग्णांच्या चित्रांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली: ज्यांच्या धमन्यांत ३० हाउन्सफील्डच्या खालच्या मऊ, चरबीयुक्त थराचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर होतं, त्यांना पुढे हार्ट अटॅक येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. किती टक्के ब्लॉक यापेक्षा थर कोणत्या जातीचा, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरला.

चित्र नेहमीच नितळ येतं असं नाही. कॅल्शियम फार असेल तर त्याची चमक आजूबाजूला पसरते आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तीन मिलिमीटरहून बारीक स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही. ठोके फारच अनियमित असले तर चित्र हलतं. यातल्या पहिल्या दोन अडचणींवर नवा उपाय म्हणजे एक्स-रेचा एकेक कण मोजणारे फोटॉन-काउंटिंग सीटी; असं पहिलं यंत्र अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य झालं. त्याची नजर ०.२ मिलिमीटरपर्यंत पोचते.

चित्रावरून उपचार ठरवण्याची मजलही आता बरीच पुढे गेली आहे. ६० टक्के अरुंद दिसणाऱ्या धमनीने खरोखर रक्त अडतं आहे का, हे पूर्वी धमनीत दाब मोजणारी तार घालूनच कळे. स्टॅनफर्डचे डॉ. चार्ल्स टेलर यांनी सीटीच्या चित्रावरून धमनीचं संगणकी प्रारूप तयार करून त्यातून रक्त कसं वाहील याचं गणित मांडलं. ०.८० किंवा त्याहून कमी आकडा आला तर अडथळा खरा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये ही पद्धत मान्य केली. कित्येकांची कॅथलॅबची, म्हणजे नळी घालून अँजिओग्राफी करतात त्या खोलीची, फेरी अशाने टळते. पूर्ण बंद पडलेली जुनी धमनी उघडणं हे अँजिओप्लास्टीतलं सर्वांत अवघड काम; दक्षिण कोरियात अशा ४०० रुग्णांपैकी निम्म्यांचा आधी सीटी काढून वाट आखली, तेव्हा यश ९३.५ टक्के मिळालं, बाकीच्यांत ८४ टक्के. त्याहून धाडसी प्रयोग डॉ. पॅट्रिक सेरुईस यांच्या गटाने केला: ११४ रुग्णांची बायपास निव्वळ सीटीच्या नकाशावर बेतली, नळी घालून अँजिओग्राफी न करता. एखाद-दुसरा अपवाद सोडता ते जमलं. हे अजून सर्वत्र होण्यासारखं नाही, पण दिशा कुठली आहे ते दिसतं.

रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात आश्वासक निकाल बहुधा बर्लिनहून आला. शारिते रुग्णालयाचे डॉ. मार्क डेवी यांच्या पुढाकाराने युरोपातल्या २६ केंद्रांत ३,५६१ जणांवर ‘डिस्चार्ज’ अभ्यास झाला. हे सगळे अँजिओग्राफीसाठी पाठवलेले रुग्ण होते. निम्म्यांची थेट अँजिओग्राफी झाली, निम्म्यांचा आधी सीटी. साडेतीन वर्षांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचा मृत्यू यांत दोन गटांत ठोस फरक पडला नाही. तपासणी-उपचारांतून उद्भवलेली मोठी गुंतागुंत मात्र अँजिओग्राफीच्या गटात १.९ टक्के होती, सीटीच्या गटात ०.५ टक्के. निकाल तोच, इजा कमी.

सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. उत्तर अमेरिकेतल्या १०,००३ रुग्णांच्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात सीटी आणि स्ट्रेस टेस्ट यांच्या निकालांत दोनेक वर्षांत फरक दिसला नाही. स्कॉट-हार्टवरही आक्षेप आले. आपला सीटी झाला आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं आणि तुलना बऱ्याच अंशी ट्रेडमिलच्या जुन्या टेस्टशी होती. तरी २०२५ मध्ये त्याचे दहा वर्षांचे आकडे आले, तेव्हा अंतर घटलं पण टिकून राहिलं: ६.६ टक्के विरुद्ध ८.२ टक्के. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने तर २०१६ मध्येच छातीत दुखण्याच्या स्थिर रुग्णांसाठी सीटी ही पहिली तपासणी ठरवली होती. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी २०२१ मध्ये तिला वरचा दर्जा दिला.

मग धडधाकट माणसानेही करून घ्यावी का? वाढदिवसाला भेट म्हणून हेल्थ चेकअपचं पॅकेज घेण्याची पद्धत शहरांत रुजली आहे आणि त्यात कॉन्ट्रास्टचा सीटी अँजिओही दिसू लागला आहे. त्याला आज पुराव्याचा आधार नाही. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात सीटीसह तपासणीचं निमंत्रण मिळालेल्यांचा मृत्युदर पाच वर्षांत ठोसपणे कमी झाला नाही. लक्षण नसलेल्या माणसाच्या बाबतीत, घरात लहान वयात अटॅक आलेला असेल किंवा स्टॅटिन घ्यावं की नाही याचा निर्णय अडला असेल, तर साधा कॅल्शियम स्कोअर पुरतो, तोही डॉक्टरांशी बोलून. किरणोत्सर्ग हा दुसरा मुद्दा. २००७ च्या सुमारास एका सीटी अँजिओत मध्यम मात्रा १२ मिलिसिव्हर्ट होती; पुढच्या दहा वर्षांत ती तीन-चतुर्थांशाहून जास्त उतरली. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. भीती बाळगण्याइतकी ही मात्रा नाही, पण उगाच घेण्यासारखीही नाही. कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडावर पडतो, म्हणून क्रिएटिनिन आधी पाहतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, कशाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते सुई टोचायच्या आधी सांगायचं.

आणि एका प्रसंगी सीटीचं नावही काढू नये. छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबलं जात असेल, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर गॅस म्हणून ओवा-सोडा घेत बसू नका आणि स्कॅन सेंटरची वेळही घेत बसू नका. जिथे लगेच ईसीजी निघेल आणि जवळच कॅथलॅब असेल अशा रुग्णालयात थेट जा. चढताना, भरभर चालताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं काही आठवड्यांपासून होत असेल, तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: ‘माझ्या बाबतीत आधी सीटी अँजिओ करता येईल का?’ आणि रिपोर्ट हाती आल्यावर ब्लॉक किती टक्के एवढंच विचारून उठू नका. भिंतीत थर आहे का, तो मऊ आहे का, आणि त्यासाठी आजपासून कोणती गोळी घ्यायची, हेही विचारा.